आईकडे बघून बोललात, त्याबद्दल

स्प्लिट रॉक दीपगृहावरचे निळ्या गणवेशातले काका,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला न विचारता तुमचं नाव चारचौघांत लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून नुसतं काका म्हणते. इंग्रजीतलं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंय. हे मराठीतलं आईला वाचता यावं म्हणून आणि आपल्या लोकांनीही वाचावं म्हणून.

आई मिरजेहून आमच्याकडे मिनिआपोलिसला आली आहे. गुडघे पार गेलेत, त्यामुळे घराबाहेर व्हीलचेअर लागते. ती आल्यापासून ओळखीतले लोक सांगत होते, "या वयात कशाला फिरवतेस त्यांना? घरी मालिका लावून दे." आणि तुमच्याकडे येण्याच्या आदल्या आठवड्यात एका ठिकाणी बोटीच्या तिकीट खिडकीवर जे झालं ते अजून मनातून जात नाही. तिथल्या माणसाने आईकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना वर नेता येणार नाही, यांना गाडीत बसवून तुम्ही जाऊन या." यांना. आई समोर होती, तिला इंग्रजी कळतं. परतताना ती गाडीत एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मला नका आणू."

तरीही आम्ही तिला तुमच्याकडे आणलं. डुलुथच्या पुढे ६१ नंबरच्या रस्त्याला लागलो आणि उजव्या हाताला लेक सुपीरियर दिसायला लागला, तेव्हा आई हात जोडून म्हणाली, "समुद्रच आहे गं हा." तळं म्हणावं असं त्यात काही नाहीच. १९०५ च्या नोव्हेंबरमधल्या वादळाने या तळ्यावर २९ जहाजांची दैना केली. त्यानंतर या कड्यावर दीपगृह उभं राहिलं आणि १९१० साली दिवा लागला. तेव्हा इथवर रस्ताच नव्हता. विटांपासून सगळं सामान जहाजाने आणून १३० फुटी कड्यावर यारीने ओढून घेतलं, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत.

नवरा आणि मुलगा मनोऱ्याच्या गोल जिन्याने वर गेले. मी आईपाशी खाली थांबले. पिवळ्या विटांच्या त्या भिंतीकडे तोंड करून ती ऊन डोळ्यांवर घेत बसली होती, किलकिल्या डोळ्यांनी वर बघत. तेवढ्यात तुम्ही आलात. आधी बाजूला सरकून अशा जागी उभे राहिलात, की तुमची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली आणि ऊन तुमच्या पाठीवर आलं. मग एक गुडघा खडीवर टेकून खाली बसलात आणि तिला विचारलंत, "तुम्हाला काय जाणून घ्यायला आवडेल?"

तुम्ही हे तिला विचारलंत, मला नाही.

आईने मराठीत विचारलं, "दिवा फिरवायला रात्रभर माणूस जागा राहायचा का?" मी इंग्रजीत सांगत होते, पण तुमची नजर तिच्यावरून हलली नाही. मग तुम्ही सावकाश समजावलंत. वरचं ते भलंमोठं भिंग पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे हलक्या हाताने फिरतं. फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला जड वजन टांगलेलं. वजन हळूहळू मनोऱ्यात खाली उतरत जाई आणि दर दोनेक तासांनी राखणदार ते चावीने पुन्हा वर ओढून घेई. दर दहा सेकंदांनी एक झोत. तो चुकला तर तळ्यातल्या जहाजाला आपण कुठे आहोत ते कळणार नाही.

"म्हणजे रात्रपाळीच की," आई म्हणाली. तिची सगळी नोकरी दवाखान्यात सिस्टर म्हणून गेली, रात्रपाळ्या करण्यात. मी तुम्हाला ते सांगितलं, तर तुम्ही तिला विचारलंत, सगळ्यात कठीण वेळ कुठली? आई क्षणभरही न थांबता म्हणाली, "थ्री टू फाइव्ह." इंग्रजीत, स्वतःच. तुम्ही मान डोलावून म्हणालात, इथल्या राखणदारांचंही तसंच असणार. मग आई सलाइनच्या बाटल्यांबद्दल, पहाटे ताप मोजत फिरण्याबद्दल बोलत राहिली आणि तुम्ही ऐकत राहिलात. मागे लोक खोळंबले होते. त्यांच्याकडे वळून तुम्ही म्हणालात, "जरा थांबा, मी यांच्याशी बोलतोय."

काका, रॅम्प, रुंद दारं, अपंगांसाठी राखीव पार्किंग, हे सगळं हवंच. त्या बोटीच्या ठिकाणीही रॅम्प होता. पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच तोंडावर "हे" आणि "यांना" करून बाजूला सारायचं नाही, एवढं माणसाने स्वतःहून शिकायचं असतं. आपल्याकडे बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलवर हेच चालतं. "आजींना चहा चालेल का?" असं आजींच्या मुलीला विचारतात. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

परतीच्या वाटेवर आई नातवाला दिव्याचं यंत्र समजावत होती. वर जाऊन आलेला तो, आणि माहिती जास्त हिला.

तुम्ही सांगितलंत की १९६९ साली दिवा कायमचा बंद झाला, पण १० नोव्हेंबरला तो लावतात. १९७५ मध्ये त्या तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड जहाज २९ खलाशांसह बुडालं, त्यांची नावं घंटेच्या ठोक्यावर वाचतात. तोवर आई मिरजेला परतलेली असेल. आम्ही येणार आहोत आणि तिला व्हिडिओ कॉल लावणार आहोत. इथे संध्याकाळ असेल तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतील, पण ती म्हणते, "त्या वेळेला जागं राहायची मला सवय आहे." तुम्ही तिथे असाल तर फोन तुमच्या हातात देईन. मला मध्ये बोलू नकोस म्हणून तिने आधीच बजावलंय.

तुमची आभारी,
मिरजेच्या एका सिस्टरची मुलगी