आठव्या पायरीवरचा स्ट्रायकर

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फुटबॉल अकादमीनं तुला यंदा ठेवलं नाही, हे आईकडून कळलं. कारणही कळलं. चेंडूवर ताबा चांगला आहे, पळतोस चांगला, पण अंगानं लहान पडतोस. फोनवर तू हो-नाहीच्या पुढं बोलत नाहीस, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. उत्तर लगेच दिलं नाहीस तरी चालेल.

जेमी वार्डी तुला माहीत आहे. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबचा 2025 पर्यंतचा नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर. त्याचे जे गोल तुम्ही पोरं मोबाईलवर बघता ते बहुतेक 2015 नंतरचे. मला तुला त्याच्या आधीची वर्षं सांगायची आहेत.

तो शेफील्डचा, 1987 चा जन्म. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव, आमच्या फाउंड्रीवाल्यांना ते नाव वेगळं सांगावं लागत नाही. लहानपणापासून तो शेफील्ड वेन्सडे या तिथल्या मोठ्या क्लबकडे होता. सोळाव्या वर्षी क्लबनं त्याला काढलं. कारण तेच, अंगानं लहान. त्यानंतर काही महिने त्यानं फुटबॉल सोडूनच दिला होता. मग शहराच्या बाहेर स्टॉक्सब्रिज म्हणून एक छोटं गाव आहे, तिथल्या टीममध्ये गेला. त्या टीमचं नावच ‘स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स’. 1986 साली तिथल्या दोन टीम एकत्र होऊन ती झाली आणि त्यातली एक तर पोलाद कारखान्याचीच होती. आपल्या शिरोलीच्या एखाद्या कारखान्याची टीम डोळ्यांसमोर आण, म्हणजे अंदाज येईल.

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या एकाखाली एक पायऱ्या आहेत. सगळ्यात वर प्रीमियर लीग. वार्डी 2007 मध्ये स्टॉक्सब्रिजच्या मुख्य टीममध्ये आला तेव्हा ही टीम आठव्या पायरीवर होती. आठवड्याला त्याला 30 पौंड मिळायचे. त्यावर घर चालत नाही, म्हणून तो दिवसभर एका कारखान्यात राबायचा. पाय किंवा घोटा अधू झालेल्यांना आधार म्हणून जे स्प्लिंट लावतात, ते तिथं बनायचे. दिवसभर उचल-ठेव, भट्टीत घाल, बाहेर काढ. त्यानं त्याची पाठ धरायची. आठ तास उभं राहून भट्टीसमोर काम केल्यावर अंगात काय उरतं ते मी रोज बघतो. तिथून सुटून थंडीत चिखलाच्या मैदानावर प्रॅक्टिसला जाणं ही काय गोष्ट आहे, हे तुला सांगायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

आणि तो काही साधा-सरळ पोरगा नव्हता, हेही सांगतो. 2007 मध्ये एका पबबाहेरच्या मारामारीत त्याला शिक्षा झाली. बहिरेपणामुळे कानाला यंत्र लावणाऱ्या मित्राची कोणी टिंगल केली म्हणून आपण मध्ये पडलो, असं तो सांगतो. ते काहीही असो, कोर्टानं सहा महिने त्याच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधला आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेत घरात पाहिजे असा हुकूम केला. बाहेरगावची मॅच असली की तासाभरानं त्याला बदलून घ्यायचे. तो कुंपणावरून उडी मारून आईवडिलांच्या गाडीत बसायचा आणि गाडी घराकडं सुटायची. मला यात ते आईवडील दिसतात. पोराला शिक्षा झालीय, गावात चार लोक चार गोष्टी बोलत असणार, तरी मॅच चुकू नये म्हणून गाडी चालू ठेवून कुंपणाबाहेर थांबलेत. तू घरी यायला लाजतोयस असं आई म्हणाली. तू तर काही गुन्हा केलेला नाहीस, लेका. पेठेत तोंड दाखवायला लाजण्यासारखं काय घडलंय?

पुढचा हिशेब नीट बघ. 2010 मध्ये हॅलिफॅक्स टाउननं त्याला 15,000 पौंडांना घेतलं. सातवी पायरी. पहिल्याच वर्षी लीग जिंकली. 2011 च्या ऑगस्टमध्ये फ्लीटवुड टाउन, पाचवी पायरी, किंमत दीड लाख पौंड. तिथं फुटबॉल हेच त्याचं पूर्ण वेळ काम झालं, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्या हंगामात त्यानं लीगमध्ये 31 गोल केले आणि फ्लीटवुड पहिल्यांदाच वरच्या फुटबॉल लीगमध्ये गेलं. 2012 च्या मेमध्ये लेस्टर सिटीनं त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. इतक्या खालून येणाऱ्या खेळाडूला तोवर कोणी एवढी किंमत दिली नव्हती.

म्हणजे ज्या पायरीवर होता तिथं तो गोल करत गेला. वरची पायरी त्याला कोणी बहाल केली नाही. मला तुझ्याशी जे बोलायचंय ते एवढंच आहे. खालच्या गटात खेळणं ही शिक्षा नाही. तिथं उभं राहून मनानं वरच्या गटात राहिलास, खाली बघून नाक मुरडलंस, तर मात्र तिथंच राहशील.

लेस्टरला गेल्यावरही लगेच काही चमत्कार झाला नाही. पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे गोल झाले चार. लोक इंटरनेटवर वाट्टेल ते लिहायला लागले. दारू वाढली होती, क्लबच्या मालकांच्या मुलानं त्याला बसवून समजावलं. आपण या पातळीचे नाहीच, परत जावं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मॅनेजर नायजेल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थांबवलं, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षी लीगमध्ये 16 गोल झाले आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये आलं. वार्डी प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीस. तू सतरा वर्षांचा आहेस.

आता खेळाचं. हे मात्र लक्ष देऊन वाच, कारण तू पण फॉरवर्ड आहेस आणि अंगानं त्याच्यासारखाच आहेस.

वार्डी बॅकच्या अंगाशी झटत बसत नाही. सेंटर बॅक आणि साइड बॅक यांच्या मधल्या फटीत, शेवटच्या बॅकच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, अंग अर्धं वळवून. आपल्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूनं, मान वर केली की सुटतो. आधी नाही. तुला लवकर सुटायची सवय आहे, म्हणून तू दर मॅचला तीन-चारदा ऑफसाइड होतोस, पास निघायच्या आधीच शेवटच्या बॅकच्या पुढं सापडतोस. 28 नोव्हेंबर 2015 चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल परत काढून बघ. कॉर्नर युनायटेडचा होता. लेस्टरचा गोलकीपर श्मायकेलनं चेंडू हातानं बॅक फुक्सकडे दिला, फुक्स मैदानाच्या मधून चेंडू घेऊन धावला, आणि वार्डी उजव्या बाजूनं ऑफसाइडची रेषा सांभाळत पळत राहिला. पास आला, त्यानं चेंडू युनायटेडचा गोलकीपर दे हेआच्या समोरून पलीकडच्या कोपऱ्यात मारला. सलग अकराव्या मॅचमध्ये गोल. व्हॅन निस्टलरॉयचा सलग दहा मॅचचा विक्रम मोडला. त्या पूर्ण धावेत अंगाची उंची कुठं कामाला आली ते मला दाखव.

दुसरा फेब्रुवारी 2016 मधला, लिव्हरपूलविरुद्धचा. लेस्टरच्याच महारेझनं आपल्या अर्ध्यातून लांब चेंडू टाकला, एक टप्पा पडला आणि यानं लांबूनच गोलकीपरच्या डोक्यावरून मारला. हा मारायला बघू नकोस, असे गोल वर्षात एखादे होतात. तू पहिलाच शिक.

आणि तिसरी गोष्ट, जी हायलाइटमध्ये कधीच दिसत नाही. चेंडू समोरच्या बॅककडं असला की वार्डी त्याच्यावर धावून जातो. दहादा जातो, नऊदा काही मिळत नाही. तुझे कोच हेच सांगायचे आणि तू कमरेवर हात ठेवून उभा असायचास.

लेस्टरच्या त्या 2015-16 च्या टीमकडे बघ. मधल्या फळीतला कान्ते त्याच्या तीन वर्षं आधी फ्रान्सच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता, उंची जेमतेम साडेपाच फूट. महारेझ फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून आलेला. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर लीग जिंकेल यावर सट्टेवाले एकाला पाच हजार देत होते. 2 मे 2016 ला चेल्सीनं मागून पाठलाग करणाऱ्या टॉटनहॅमला 2-2 असं रोखलं आणि लीग लेस्टरची झाली. टीमची पोरं तेव्हा वार्डीच्याच घरी जमून टीव्हीवर मॅच बघत होती. त्या हंगामात लीगमध्ये त्याचे 24 गोल. पुढं आर्सेनलनं बोलावलं तर गेला नाही. 2019-20 ला 23 गोल करून तेहतिसाव्या वर्षी सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट घेतला, त्याआधी इतक्या वयात तो कोणी घेतला नव्हता. 2025 मध्ये लेस्टर सोडताना 500 सामने, 200 गोल. दोनशेवा शेवटच्या मॅचमध्ये.

एक गोष्ट लपवणार नाही. 2015 च्या जुलैमध्ये एका कसिनोत त्यानं एका आशियाई माणसाला वर्णावरून घाण शब्द वापरला. व्हिडिओ बाहेर आला, माफी मागावी लागली, क्लबनं दंड केला. खेळ त्याचा घे, ते घेऊ नकोस.

आता आपलं. वार्डीसारखं तुझंही होईल असं मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे तशा पायऱ्याच नाहीत. तिकडं आठव्या पायरीवरची टीम जिंकत जिंकत वर जाते, पोरगा बघायला वरच्या क्लबची माणसं खालच्या मैदानावर येतात. इकडं आय-लीग ही दुसरी पायरी जिंकून सगळ्यात वरच्या आयएसएलमध्ये जायची वाटच 2023 मध्ये उघडली, पंजाब एफसी पहिली गेली, पुढच्या वर्षी मोहम्मेडन. त्याच्या खाली सगळं विस्कळीत. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, म्हणजे वाट नाही असं नाही. पण अरुंद आहे, आणि हे मी तुला आत्ताच सांगतो, पाच वर्षांनी नाही.

पण इतकी गर्दी बाकी कुठं आहे सांग? शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला जेवढी माणसं बसतात तेवढी देशात किती ठिकाणी लीग बघायला येतात? आपल्या पोरांनी विचारलंय. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमधल्या खालच्या गटातल्या एका टीमला फॉरवर्ड पाहिजे. वरिष्ठ गटातलं नाव नाही, पैसेही नाहीत. मी त्यांना हो म्हटलेलं नाही, तुला विचारून सांगतो म्हटलं. माझं मत विचारशील तर खेळ. सकाळी डिप्लोमाचं कॉलेज, संध्याकाळी प्रॅक्टिस. दोन्ही होतं, वार्डीनं भट्टीवर काम करून केलं. एक हंगाम बघू, गोल किती होतात ते बघू, मग पुढचं बोलू.

आईनं तुझ्या उंचीवरून डॉक्टरांना विचारायचं काढलंय. मी नको म्हटलं. अजून वाढशील, नाही वाढलास तर कान्ते आहेच.

रविवारी माझी सुट्टी आहे, सकाळच्या पहिल्या एसटीनं पुण्याला येतो. मामाला त्रास देऊ नकोस, स्टँडवरून मी रिक्षानं येईन. सामान बांधून ठेव, बूट तिथं कोणाला देऊन टाकू नकोस. अकादमीत जाऊन कोचना नमस्कार करून ये, त्यांनी तुला दोन वर्षं शिकवलंय. दहावीची मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला पिशवीत वरच ठेव, सोमवारी कॉलेजात फॉर्म भरायचाय.

तुझा,
पप्पा