माफीनाम्याने भांडण मिटत नाही, मंत्रिमहोदय

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या एका माध्यमिक शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका आहे. गेल्या पौषात माझ्या वर्गातली दोन मुलं एकमेकांच्या अंगावर गेली. मोबाईलच्या ग्रुपवर एकाने दुसऱ्याच्या वडिलांच्या हातगाडीची टिंगल केली होती. नेहमीप्रमाणे दोघांकडून माफीनामे लिहून घेतले. मजकूर शब्दन् शब्द सारखा! शाळा सुटल्यावर गेटबाहेर पुन्हा जुंपली.

दुसऱ्या दिवशी टिंगल करणाऱ्याचे आजोबा आले. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दरवर्षी पायी त्र्यंबकेश्वरला जाणारे वारकरी. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तसे ते काही न बोलता त्या दुसऱ्या मुलासमोर वाकले. त्याने झटकन पाय मागे घेतले. आदल्या दिवशी ओठ फुटला तरी न रडलेला तो पोरगा हुंदके देत म्हणाला, "बाई, मला राग नव्हता आला. लाज वाटली होती."

आम्ही त्याला हे विचारलंच नव्हतं.

रुसणं, फुरंगटणं, हिरमुसणं, धुसफुसणं, मनाला लागणं: मराठीत किती छटा आहेत! माझ्या मुलांच्या तोंडी मात्र एकच, "डोकं फिरलं". २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी गेली, ते उत्तमच झालं. पण छडीच्या जागी काय, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. 'पालकांना घेऊन ये' आणि 'दाखला हातात देईन', एवढंच उरलं.

याच राज्याने १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. पारावर बसून बांधाची भांडणं सामोपचाराने मिटवता येतात, यावर शासनाने विश्वास ठेवला. तोच विश्वास शाळेवर ठेवा. आठवी ते दहावीला आठवड्यातून एक तास द्या: मुलांनी गोल बसावं, दोन्ही बाजू ऐकाव्यात, तोड त्यांनीच काढावी. हा तास गणिताच्या जादा तासाने गिळू नये, असा स्पष्ट आदेश हवा. आणि आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण हवं, कारण आम्हालाही ऐकायची सवय नाही.

पाया पडायची सक्ती मात्र करू नका. सक्तीचा नमस्कार म्हणजे दुसरा माफीनामाच. 'मुलीच्या जातीने सोसावं' ही परंपराही मला त्या तासात नको.

ती दोघं आता एका बाकावर बसतात. जागा त्यांनीच बदलून मागितली.

आपली नम्र,
नववीची एक वर्गशिक्षिका, नाशिक