पोटगी थकली? वर्ष उलटू देऊ नका

संपादक महोदय,

पोटगीचा हुकूम हाती पडला की काम झाले, असे अनेक जणी धरून चालतात. गफलत तिथेच होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) खाली थकबाकी वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'देतो, देतो' ऐकत २० महिने गेले, तर पहिल्या ८ महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. म्हणून दर १०-११ महिन्यांनी अर्ज टाकाच. सोबत महिना, देय, जमा, बाकी असा तक्ता आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. पैसे खात्यातच घ्या. रोखीचा हिशेब कोर्टात सिद्ध करणे अवघड जाते. आणि पोटगी थकवल्याबद्दल नवऱ्याला कैद झाली म्हणून बाकी फिटत नाही.

रक्कम मुळात कमी ठरते ती उत्पन्न लपवल्याने. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) निकालात मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना सक्तीचे केले. समोरच्याने ते ४ आठवड्यांत दिले नाही, तर नुसती पुढची तारीख घेऊन परतू नका. लेखी हरकत नोंदवा.

– कौटुंबिक न्यायालयातील एक वकील