पहिल्या दहा पार्सलांपुरती साथ हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात छोट्या उद्योजकांसाठी निर्यातीवरचे एक दिवसाचे शिबिर शहरात झाले. सकाळी दहाला जाऊन बसले, संध्याकाळी साडेपाचला उठले. वहीची अकरा पाने भरली. वक्ते अभ्यासू होते, तळमळीने बोलत होते. पण माझ्याकडे शिवून तयार असलेले खणाचे जाकीट हॅम्बुर्गच्या बाईंना पाठवायचे, तर उद्या सकाळी मी कुठे जाऊ आणि कोणाला भेटू, एवढेच त्या अकरा पानांत सापडले नाही. म्हणून हे पत्र.

मी कोथरूडला राहते. नऊ वर्षांपासून खण आणि इरकलची जाकिटे, स्टोल, पिशव्या करते. मागच्या खोलीत तीन मशिन, एक कटिंग मास्तर, शिलाईला दोघी, आणि काजे-बटणे, हातशिलाई आपापल्या घरी करणाऱ्या आणखी चौघी. माल भीमथडीसारख्या जत्रेत, प्रदर्शनांत आणि फोनवर विकला जातो. परदेशातले गिऱ्हाईक म्हणजे सुरुवातीला आपलीच माणसे, न्यू जर्सीची मावसबहीण, लंडनची वर्गमैत्रीण. माल जायचा कोणाच्या तरी बॅगेतून, चकलीच्या डब्याशेजारी. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक जणींची ‘निर्यात’ आजही अशीच चालते. ती कुठल्या कागदावर येत नाही, तिच्यावर बँक कर्ज देत नाही, आणि विक्रीचा माल स्वतःचे सामान म्हणून नेणाऱ्या पाहुण्याला तिकडच्या विमानतळावर उगाच चौकशीला तोंड द्यावे लागते.

दोन वर्षांपूर्वी ठरवले, आता रीतसर पाठवायचे. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तिच्या भीतीपोटी अनेक जणी एजंटला हजारो रुपये देतात. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, घरबसल्या पॅनवर काढता येतो आणि त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. जीएसटीची नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी, म्हणजे एक हमीपत्र, भरायचे, की निर्यातीच्या मालावर आधी कर भरून मग परताव्याची वाट पाहावी लागत नाही. ही दोन्ही कामे एका दुपारी होतात. खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

माझे पहिले रीतसर पार्सल हॅम्बुर्गच्या त्याच बाईंसाठी, चार जाकिटांचे होते. ज्याला पैसे देऊन कागद करून घेतले, त्याने वर्णनात नुसते ‘लेडीज गारमेंट्स’ लिहिले. तिकडच्या कस्टम्सने पार्सल अडवले. कापड कोणते, धागा कोणता, एका नगाची किंमत किती, असे विचारणारे जर्मन पत्र त्या बाईंना गेले. बिचाऱ्या कंटाळल्या. सात आठवड्यांनी पार्सल परत आले, दोन्ही वेळचे भाडे माझ्या अंगावर, आणि परत आलेला माल माझाच आहे हे इथे सिद्ध करता करता आणखी पंधरा दिवस गेले. मला माहीत नव्हते, आणि ज्याला मी पैसे दिले त्यालाही नव्हते.

एचएस कोडचेच पाहा, म्हणजे कस्टम्सच्या कागदावर मालाचा प्रकार सांगणारा आकडा. कपड्यांचे त्यात दोन अध्याय आहेत, ६१ आणि ६२. एकात सुयांवर किंवा निटिंग मशिनवर विणलेले, दुसऱ्यात मागावरच्या कापडाचे. मराठीत आपण दोन्हींना ‘विणलेले’च म्हणतो, स्वेटरलाही आणि खणालाही. मी पहिल्यांदा चुकले ती इथेच. त्यानंतर प्रश्न धाग्याचा. खण नक्की कशाचा? रविवार पेठेतला व्यापारी ‘सेमी सिल्क’ म्हणतो, आणि त्यात सगळे येते. गुळेदगुड्डच्या विणकराला ताण्यात (उभ्या धाग्यांत) काय आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) काय ते ठाऊक असते, पण आपल्या हाती तागा येईपर्यंत ती माहिती वाटेत कुठेतरी गळालेली असते. मी गॅसवर धागे जाळून पाहिले. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची राख चुरगळते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. पण त्यावरून टक्केवारी कळत नाही, आणि अमेरिकेत कपड्यावर धाग्याची वजनाने टक्केवारी, कुठल्या देशात बनला आणि कोणी बनवला किंवा विकला, हे लेबलावर लागतेच. युरोपात ती टक्केवारी त्या त्या देशाच्या भाषेत हवी. शिवाय अझो नावाच्या रासायनिक रंगांपैकी काहींना तिथे बंदी आहे, म्हणजे रंगाचीही तपासणी आली. मुंबईला प्रभादेवीत वस्त्रोद्योग समितीचे कार्यालय आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. पण चार जाकिटांसाठी चाचणीचा खर्च काढला तर जाकीट कोणी घेणार नाही.

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम लागू झाला. वस्तू बाहेरून येत असेल तर तिची जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा संस्था संघातच असली पाहिजे, आणि तिचे नाव-पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर हवा. पैसे घेऊन ही जबाबदारी पत्करणाऱ्या कंपन्या आहेत. एकटीला ते वार्षिक शुल्क परवडत नाही. दहा-पंधरा जणींनी मिळून घेतले तर परवडेल, पण या दहा-पंधरा जणींना एकमेकींची गाठ घालून देणारे कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये काय झाले ते अनेकांना आठवत असेल. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढली. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या टपाल घेईनात, आणि टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून तिकडच्या मालाचे बुकिंग थांबवावे लागले. ते सुरू झाले १५ ऑक्टोबरला. दिवाळी त्याच आठवड्यात होती. आमच्यासारख्यांचा अमेरिकेतला वर्षाचा निम्मा धंदा गणपती ते दिवाळी या काळात होतो. त्या सात आठवड्यांत रोज कोणीतरी फोन करून विचारायचे, आता कशाने पाठवू, आणि कोणालाच धड सांगता येत नव्हते. मोठ्या निर्यातदाराकडे अशा वेळी माणसे असतात. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवा होत्या.

आणखी एक नुकसान मी डोळ्यांनी पाहिले. माझ्या ओळखीची एक मुलगी तांब्याचे दागिने घडवते, फार सुंदर हात आहे तिचा. नवा नमुना झाला की आधी इन्स्टाग्रामवर. नमुन्याची नोंदणी करायला गेली तेव्हा कळले की, आपल्या डिझाइन कायद्यात नोंदणीच्या अर्जाआधी जगासमोर आलेला नमुना नवा धरत नाहीत. आधी अर्ज, मग फोटो, एवढेच कोणी वेळेवर सांगायला हवे होते.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, इकडे ओरड झाली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करार केला. सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन होते आणि कारागिरांच्या वतीने टेबलावर बसायला महामंडळ होते. कोथरूडच्या मागच्या खोलीतून काम करणाऱ्या बाईच्या वतीने कोण बसणार?

योजना नाहीत असे मी म्हणत नाही. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे २०२२ पासून आहेत, निर्यातीचे बिल, म्हणजे मालाचा तपशील देणारा कस्टम्सचा कागद, घरून ऑनलाइन भरता येते, आणि आमच्या दीड-दोन किलोच्या पार्सलाला हाच रस्ता परवडणारा आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाचे कार्यालय पुण्यात आहे. मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था १९३४ पासून आहे. फॅशन डिझाइन शिकवणारी महाविद्यालये आहेत, जिथली शेवटच्या वर्षाची मुले साइझ-चार्ट आणि लेबले माझ्याहून चांगली करतील. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला, त्यात आपल्या कपड्यांवरचे शुल्क काढायचे ठरले आहे. पण ती सवलत हवी तर माल भारतात बनल्याचा पुरावा द्यावा लागेल, आणि तो कसा द्यायचा हे परत कोणीतरी शिकवावेच लागेल.

माझी मागणी एकच आणि छोटी आहे. यांपैकी कोणीही, किंवा सगळ्यांनी मिळून, शहराच्या मध्यावर आठवड्यातून दोन दिवस एक टेबल मांडावे. तिथे भाषण नको. निर्यातीचे कागद स्वतः भरलेला एक माणूस बसावा. बाईने शिवलेला कपडा घेऊन जावे, त्याने तो हातात घेऊन कोड सांगावा, लेबल तपासावे, बिल तिच्याकडूनच भरून घ्यावे. तपासणी, युरोपातली जबाबदार संस्था, परत आलेला माल सोडवणे, ही कामे त्याच टेबलावर अनेक जणींची एकत्र व्हावीत. प्रत्येकीला ही साथ पहिल्या दहा पार्सलांपुरती द्यावी, पुढचे तिचे ती पाहील. फुकटही नको. पार्सलामागे तीनशे रुपये मी आनंदाने देईन, आमच्यातल्या बहुतेक जणी देतील.

हॅम्बुर्गच्या बाईंना मी जाकिटे पुन्हा पाठवली. या वेळी जर्मन लेबल शिवून, कोड नीट घालून, वर्णनात ताण्या-बाण्यासकट सगळे लिहून. तेराव्या दिवशी पोचली. आता त्यांनी आणखी सहा मागवली आहेत. दोन वर्षांत जमवलेली लेबले, भरलेल्या बिलांच्या प्रती आणि ती अकरा पाने माझ्याकडे फाइलला लावलेली आहेत. असे टेबल कोणी मांडले तर ती फाइल तिथे आणून ठेवीन, आणि शनिवारी दुपारी दोन तास स्वतः बसेन.

आपली,
एक लघुउद्योजिका,
कोथरूड, पुणे