आठवण आधी, फोन नंतर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला विनयची आठवण येते काय आणि दहा मिनिटांत त्याचाच फोन येतो काय! तोही दीड वर्षं बोलणं नसताना. शिवाय दोन महिन्यांतली ही तिसरी खेप, आधीच्या दोन्ही वेळा बहिणीचा फोन. 'योगायोग म्हणून झटकून टाकू नकोस' अशी तंबीही तू देऊन ठेवली आहेस. नाही झटकत. माझं मत उलटंच आहे. अशा प्रसंगांतले बरेचसे योगायोग नसतातच. त्यांना कारण असतं, फक्त ते आपल्याला हवं तेवढं अद्भुत नसतं.

आपल्या भाषेत या बाबतीत दोन जुने न्याय आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. काकतालीय न्याय म्हणजे कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. घुणाक्षर न्याय वेगळा: लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या रेघांमध्ये अक्षर उमटलेलं दिसतं. पहिल्यात दोन घटना खरोखर एका वेळी घडतात. दुसऱ्यात विशेष काही घडलेलंच नसतं, अक्षर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असतं. तिसरी शक्यता मात्र दोन्ही न्यायांत नाही: फळ पिकलेलं होतं, म्हणूनच ते पडलं आणि म्हणूनच कावळाही त्याच झाडावर आला. तुझ्या तीन प्रसंगांत मला या तिन्हींची भेसळ दिसते.

आधी बहिणीचे दोन फोन निकालात काढू. तू जागा असतोस सोळा तास, म्हणजे ९६० मिनिटं, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे ९६ तुकडे. बहिणीची आठवण दिवसातून चार वेळा येत असेल (हे कमीच धरतोय) आणि ती रोज एक फोन करत असेल, तर कुठल्याही एका दिवशी तिचा फोन आठवणीनंतरच्या दहा मिनिटांत पडण्याची शक्यता ९६ मध्ये ४, म्हणजे २४ मध्ये एक. साठ दिवसांत अडीच वेळा असं व्हायला हवं. तुला दोनदा झालं. खरं तर योगायोग अजून अर्ध्या प्रसंगाचं तुझं देणं लागतो!

विनयचं गणित निराळं आहे. ज्यांच्याशी वर्ष-दीड वर्षात एकदा बोलणं होतं असे तुझ्या फोनमध्ये दीडशे लोक तरी असतील. दीडशे लोक दीड वर्षातून एकदा, म्हणजे वर्षाला असे शंभर फोन, आठवड्याला दोन. यांपैकी प्रत्येकाची आठवण तुला महिन्यातून एकदा येते असं धर. मग एखादा फोन नेमका त्या माणसाच्या आठवणीनंतर दहा मिनिटांत येण्याची शक्यता २,८८० मध्ये एक (तीस दिवस गुणिले ९६). २,८८० ला वर्षाच्या शंभर फोनांनी भागलं तर साधारण २९ वर्षांतून एकदा. म्हणजे तुझं चकित होणं वाजवी आहे, हे मी कबूल करतो.

पण आता प्रामाणिकपणे सांग. विनयचा फोन दहा मिनिटांऐवजी पाऊण तासाने आला असता, तरी तू मला हेच पत्र लिहिलं असतंस की नाही? लिहिलं असतंस. एक तास धरला तर शक्यता सहापट झाली. आणि फोनच कशाला? त्याचा मेसेज आला असता, तो रस्त्यात भेटला असता, तिसऱ्याच कुणी त्याचं नाव काढलं असतं, जुन्या वहीतून त्याची चिठ्ठी पडली असती, तरीही तू चकित झालाच असतास. असे पाच मार्ग धरले तर एकूण तीसपट. २९ वर्षांची गोष्ट वर्षावर आली. बहुतेक लोकांचं गणित इथेच चुकतं. जे घडलं त्याचीच शक्यता ते काढतात. जे जे घडलं असतं तरी आपण तितकेच थक्क झालो असतो, त्या सगळ्याची शक्यता काढायला हवी. आणि अगदी दहा मिनिटांची कडक अट ठेवली तरी तुझ्या ओळखीच्या तीस जणांना प्रत्येकी २९ वर्षांतून एकदा असं होतं म्हटल्यावर दरवर्षी कुणीतरी एक जण तुला हा किस्सा सांगणारच. या वर्षी तो तू आहेस.

हा विचार माझा नाही. लुइस अल्वारेझ या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने (१९६८ चं नोबेल यालाच मिळालं) १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात असंच गणित मांडलं होतं. एखाद्या ओळखीच्या माणसाची आठवण यावी आणि पाचच मिनिटांत त्याच्या निधनाची बातमी कळावी, असं एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे तीन हजार जणांच्या बाबतीत निव्वळ संख्येच्या जोरावर व्हायला हवं, असा त्याचा अंदाज निघाला. १९८९ मध्ये पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी तत्त्व थोडक्यात मांडलं: संधी पुरेशा मोठ्या संख्येने असतील तर कितीही अचाट गोष्ट घडून जाते.

'पण दोन महिन्यांत तीन?' हे तुझं पुढचं टुमणं. घुणाक्षर ते इथे. यदृच्छेने घडणाऱ्या गोष्टी समान अंतरावर घडत नाहीत, त्यांचे पुंजके होतात. पटत नसेल तर नाणं वीस वेळा उडव आणि छाप-काटा क्रमाने लिहून काढ. ओळीने चार किंवा जास्त वेळा एकच बाजू येण्याची शक्यता ७७ टक्के आहे. तेच कुणाला मनाने वीस छाप-काटे लिहायला सांग, तो चारची रांग बहुधा टाळेल, कारण ती 'मुद्दाम केल्यासारखी' वाटते. पॉल कामेरर नावाचा ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ तासन् तास बागेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे, हातातली सामानं वगैरे मोजायचा. त्याला पुंजके दिसले आणि १९१९ मध्ये त्याने त्यावरून निसर्गाचा एक स्वतंत्र नियमच जाहीर केला. मोजणी चोख असेल, पण पुंजके कशाने होतात हे त्याला उमगलं नाही. मानसशास्त्रज्ञ युंगने १९५२ मध्ये याला आणखी गूढ रूप दिलं. त्याच्या मते अर्थाने जोडलेल्या घटनांना कारणाची गरजच नसते. वाचायला छान वाटतं. पण 'अर्थाने जोडलेल्या' हे ठरवणार कोण, तर ज्याला आश्चर्य वाटलं तोच. एवढ्यावर माझी गाडी अडते.

आता पिकलेलं फळ. संख्याशास्त्रवाले इथे घाई करतात असं मला वाटतं. वरचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: तुझी आठवण आणि त्याचा फोन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन मित्रांच्या बाबतीत हे गृहीत फार क्वचित खरं असतं.

तुमच्या दोघांच्या फोनमध्ये सहलीचे तेच फोटो आहेत. फोटोंची अॅप्स 'तीन वर्षांपूर्वी या दिवशी' असं म्हणून जुना फोटो आपणहून समोर धरतात आणि दोघांच्याही फोनवर तारीख तीच असते. तू सकाळी तो फोटो अर्धा सेकंद पाहून बाजूला सारलास, विसरलास, आणि दुपारी विनय 'असाच' आठवला. त्यालाही तो तसाच आठवला. दुसरं, तुमचा तो जुना ग्रुप. तिथे कुणी काही टाकलं, कुणाचा वाढदिवस निघाला, की वीस जणांच्या डोक्यात त्याच काळातली माणसं जागी होतात. तिसरं, काही मेसेजिंग अॅप्स एखाद्याने नव्याने खातं उघडलं की त्याचा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांना तसं कळवतात. तू नवा फोन घेतल्याचं लिहिलं आहेस, त्यानंतर असं एखादं अॅप घातलंस का ते बघ. चौथं म्हणजे वेळ. रविवारी दुपारी चारला डोकं रिकामं असतं, तुझंही आणि त्याचंही. जुने मित्र मंगळवारी सकाळी साडेदहाला आठवत नाहीत.

म्हणून पहिलं काम: विनयला विचार, पण क्रम सांभाळ. 'मला तुझी आठवण आली होती' हे आधी सांगितलंस की झालं वाटोळं. तोही म्हणणार, 'अरे, मलाही अगदी आतूनच वाटलं!' आणि त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागेल. आधी नुसतं विचार, 'त्या दिवशी फोन करावासा कशामुळे वाटला?' तो बोलून संपेपर्यंत गप्प राहा. मग त्या दिवसाच्या सकाळपासूनच्या गोष्टी दोघांच्या फोनवर तपासा: ग्रुपमधले मेसेज, फोटो अॅपची सूचना, मिस्ड कॉल. मिस्ड कॉल खास बघ. हाताने झटकलेली सूचना डोळ्यांनी वाचलेली असते, लक्षात मात्र राहत नाही.

आठवणीच्या वेळेवरही फार भरवसा ठेवू नकोस. फोन आल्यावर 'आत्ताच तुझं नाव काढलं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला' असं आपण म्हणतो तेव्हा ते 'आत्ताच' दहा मिनिटांपूर्वीचं असतं की काल रात्रीचं, हे कुणीच तपासत नाही. स्मृतीवर वेळेचा शिक्का नसतो. फोन वाजला की जवळपासची आठवण ओढून त्याच्या शेजारी आणून बसवली जाते.

यावर इलाज एकच, वही. खिशात मावेल अशी घे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सुरू करण्याआधीच लिही: 'दहा मिनिटांच्या आत आलेला फोनच धरायचा.' रकाने पाच. तारीख, मिनिटासकट वेळ, नाव, आठवण कशावरून आली, आणि शेवटचा रिकामा. रिकामा रकाना दिवसा भरायचा नाही. रात्री कॉल हिस्टरी उघडून भरायचा. सदतीस दिवस चालव आणि पहिले सात काढून टाक, कारण नवी वही खिशात असली की तीच आठवणी काढून देते आणि आकडा फुगतो. फोन आल्यानंतर केलेली नोंद सरळ खोडायची, कितीही हळहळ वाटली तरी. बारा मिनिटांनी आलेला फोन म्हणजे न आलेला फोन. तूच केलेले फोन मोजायचे नाहीत. बहिणीसाठी वेगळं पान ठेव, नाहीतर ती एकटीच सगळा हिशोब बुडवेल.

शेवटी हिशोब असा: आठवणींची संख्या गुणिले आलेल्या फोनांची संख्या, भागिले वेळेचे एकूण तुकडे. तीस दिवसांत एखाद्या माणसाच्या ९० आठवणी आणि २४ फोन असतील तर ९० गुणिले २४ भागिले २,८८०, म्हणजे पाऊण. निव्वळ योगाने पाऊण वेळा जुळायला हवं. पण थांब, इथे एक मेख आहे. त्याचे सगळे फोन संध्याकाळी सहा ते दहामध्येच येत असतील आणि तुझ्या आठवणीही त्याच वेळच्या असतील, तर तुकडे दिवसाला ९६ नाहीत, २४ च. मग भाजक ७२० होतो आणि अपेक्षा तीनवर जाते. समज, प्रत्यक्षात तीनदा जुळलं. वही तीच, फोन तेच, पण पहिल्या हिशोबात 'चौपट! काहीतरी आहे' असं वाटेल आणि दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून मिनिटासकट वेळ लिही म्हणतोय.

आणि एवढं करूनही दूरसंवेदनाचा (टेलिपथीचा, म्हणजे मनातलं मनाला कळण्याचा) किडा वळवळत राहिला तर सरळ परीक्षा घे. चार जण ठरव, त्यांना एकेक अंक दे. पाचव्या माणसाने फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडलं तर पुन्हा टाकायचा, आणि ज्याचा अंक येईल त्याला कळवायचं: बरोबर नऊ वाजता फोन कर. तुझा फोन पालथा, चौघांची रिंगटोन एकच, आणि उचलण्याआधी नाव कागदावर लिहिलेलं. वीस फोन. योगाने पाच बरोबर येतील. नऊ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता सुमारे चार टक्के, दहा किंवा जास्त येण्याची दीड टक्क्याहूनही कमी. आकडा वीस हा आधीच ठरवायचा. बाराव्या फोनला सहा बरोबर आले म्हणून तिथेच थांबलास तर परीक्षा बाद.

रूपर्ट शेल्ड्रेक या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने अशाच चाचण्या घेऊन २५ ऐवजी ४० टक्के उत्तरं बरोबर आल्याचं २००३ मध्ये छापलं. मला ते पटत नाही, पण पद्धत चांगली आहे. फक्त गळती फार लवकर होते. चौघांतला एक नेहमी दोन मिनिटं उशिरा फोन करतो, नऊ वाजून दोन मिनिटं होऊनही फोन वाजला नाही की तुझा हात आपोआप त्याचं नाव लिहितो, आणि तुला वाटतं अंतर्ज्ञान झालं. म्हणून घड्याळं आधी जुळवून घ्या आणि उशिरा आलेला फोन रद्द धरा.

वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव, खाडाखोडीसकट. विनय काय म्हणाला तेही त्याच्याच शब्दांत लिही. आणि हे पत्र वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. तू करणार हे मी आत्ताच धरून चाललोय, त्यामुळे तो माझ्या वहीत मोजता येणार नाही.

तुझा,
दिनू