गुडघे टेकून लघवी मोजणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

स. न. वि. वि.

बॅजवरचं तुमचं नाव रोज वाचत होते, पण इथे लिहीत नाही, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. ओळख पटावी म्हणून एवढंच सांगते: पोटातली महाधमनी फुगलेली, जांघेतून आत ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून लावायचं कृत्रिम अस्तर, बसवलेला, आणि "ही नळी कधी काढणार" म्हणून दर तासाला तुमचं डोकं खाणारे 71 वर्षांचे काका. मी त्यांची मुलगी.

ऑपरेशन झकास झालं होतं. पोट उघडायचं कामच पडलं नाही. 5.8 सेंटिमीटरचा तो फुगा आतून अस्तर लावल्यासारखा बंद केला. सर्जन "मस्त बसलाय" म्हणाले आणि आम्ही सुटलो. मूत्रपिंडांचं नावही कुणाच्या डोक्यात नव्हतं. ग्राफ्टचं वरचं टोक मूत्रपिंडांना रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या जेमतेम खाली येतं, आणि आतलं दिसावं म्हणून सोडलेला डाय शेवटी त्याच मूत्रपिंडांना गाळून बाहेर टाकावा लागतो, हे तुम्ही सांगितलंत. तेही कुजबुजत, शेजारचा पेशंट जागा होऊ नये म्हणून.

तुमच्या आधी जे भेटले, त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं. तरी लिहितेच. कंबर दुखते म्हणून बाबांना नेलं, तर महिनाभर वेदनाशामक गोळ्या. वय काय, शुगर आहे का, मूत्रपिंडं कशी आहेत, एक प्रश्न नाही. दुसऱ्या ठिकाणी क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारं, मूत्रपिंडांनी गाळून टाकायचं द्रव्य) 1.1 आलं, तर "नॉर्मल आहे" म्हणून कागद परत. अंगावर मांस उरलेलं नसलं की क्रिएटिनिन मुळातच कमी येतं. त्यामुळे बाबांचं 1.1 आणि तरण्याताठ्या माणसाचं 1.1 एक नाही. हेही तुमच्याकडूनच कळलं, सलाईन बदलता बदलता.

आता त्या रात्रीचं.

ऑपरेशननंतरची दुसरी रात्र, अडीच-तीन झाले असतील. त्याआधीच्या पाळीत येणारं प्रत्येक जण पिशवी उचलायचं, उजेडाकडे धरल्यासारखं करायचं आणि अंदाजाने आकडा टाकायचं. तुम्ही पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी केलीत, भांडं स्टुलावर ठेवलंत आणि चक्क फरशीवर गुडघे टेकून डोळा त्या रेघेच्या पातळीत आणलात. तासाभराची लघवी, 20 मिली. पुढच्या तासाला परत तेच. परत गुडघे टेकलेत. 18.

मला वाटलं, दोन मिलीचा काय तो फरक! तुम्ही म्हणालात, "काकांचं वजन 60 किलो. तासाला निदान 30 तरी यायला हवी."

मग मांडीखालून पिशवीपर्यंत सगळी नळी बोटांनी चाचपलीत, कुठे दुमडली नाही ना ते बघितलंत. ओटीपोट दाबून पाहिलंत. दुखण्याचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं, ते बाजूला ठेवलंत, म्हणालात, "हे मूत्रपिंडाला चालणारं नाही, बदलून घेते." आणि फोन लावलात. पलीकडचा झोपाळू आवाज मलाही ऐकू आला: "सकाळी राउंडला बघू." तुमचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही.

"सर, सकाळी नको. आत्ता या."

ते आले. पुढे काय काय केलं ते मला धड सांगता येणार नाही, आणि तुम्हाला ते सांगायची गरजही नाही. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी 1.9 वर गेलं. डायलिसिसचा शब्द एकदा कानावर आला तेव्हा माझे पाय गळाले होते. पण तिथून आकडा उतरत गेला आणि महिन्याने 1.3 वर थांबला. 1.1 काही परत आलं नाही. चालेल आम्हाला.

त्या रात्री तुम्ही नुसता अंदाजे आकडा लिहिला असतात, तर कुणी तुम्हाला जाब विचारला नसता. मलाही कळलं नसतं. मोठमोठ्या मशीनचे फोटो त्या इमारतीत भिंतीभिंतीवर लावलेत, गुडघे टेकलेल्या बाईचा मात्र कुठेच नाही. असो. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून मधेच असं तिरकं लिहिलं जातं.

ग्राफ्ट जागेवर आहे ना, कडेने रक्त झिरपून फुग्यात जात नाही ना, हे आता बाबांना जन्मभर तपासत राहावं लागणार. पुढच्या महिन्यात पहिली वर्षाची तपासणी. या वेळी डॉक्टरांनी आधी डॉपलर सोनोग्राफी करायचं ठरवलंय, रक्ताचा प्रवाह दाखवणारी, डाय न लागणारी. त्यातून शंका आली तरच डायचा सीटी. बाबांनी क्रिएटिनिनचे सगळे आकडे तारखेनिशी वहीत उतरवून ठेवलेत आणि औषधवाल्याने वेदनाशामक पुढे केलं, की ती वही त्याच्या काउंटरवर उघडतात.

काल विचारत होते, "त्या सिस्टर अजून रात्रपाळीलाच असतात का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाले, "मग आपण संध्याकाळी उशिराच जाऊ."

तुमची,
कॉटशेजारच्या खुर्चीतली मुलगी