आखाजीच्या आधी एक पत्र: देव, बोंडअळी आणि आपण

पुणे

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्ध्यातच तुटलं. बाबा चिडले, मीही चिडले, आणि आईने "जेवण निवतंय" म्हणत फोन ठेवून दिला. दादाच्या पोराने दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं, त्यातला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा त्याने मोठ्याने वाचला आणि घरात वाजलं. "माणूस वांदरापाईन व्हयना? मंग दत्त महाराज कोठे ग्यात?" हा तुमचा प्रश्न, बाबा. फोनवर त्याचं भांडणच होणार, म्हणून लिहिते. तशीही मी रोज वर्गात हेच शिकवते; तुम्हाला सांगायचं टाळावं हे बरं दिसत नाही.

आधी त्या माकडाचं मिटवू. माणूस आजच्या माकडापासून झाला असं कुठलंही धड पुस्तक म्हणत नाही. चिंपांझीचा आणि आपला मूळपुरुष एक, साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा नातं बापाचं नाही, भाऊबंदांचं आहे. आणि भाऊबंद काय असतात हे बांधाच्या मोजणीनंतर तुम्हाला मी सांगायला नको.

"उत्क्रांती कोणी डोळ्यांनी पाहिली?" असंही तुम्ही म्हणालात. तुम्ही पाहिली आहे बाबा, आपल्याच शेतात. 2002 साली देशात बीटी कपाशीला, म्हणजे जिच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं त्या कपाशीला, परवानगी मिळाली, 2006 पासून दोन जनुकांचं बियाणं आलं, आणि काही वर्षं बोंडअळीचं नाव निघेना. मग 2017 चा हंगाम. वरून चांगली दिसणारी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. पारावर सगळे म्हणत होते, अळी हुशार झाली. एकही अळी हुशार झाली नव्हती. लाखो अळ्यांमध्ये थोड्याशा मुळातच अशा होत्या की त्यांना ते विष बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, आणि पुढची पिलावळ ह्यांचीच वाढत गेली. डार्विनने 1859 च्या ग्रंथात नैसर्गिक निवड म्हणून जे मांडलं ते एवढंच. त्यात आपण भरही घातली. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची पुडी यायची, ती कडेने पेरायची असायची. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी जोड्या जमून त्या चिवट अळ्यांचा जोर पुढच्या पिढीत कमी व्हावा, हा त्यामागचा हिशेब. पण कपाशीच्या ओळी कशाला वाया घालवा म्हणून गावोगाव त्या पुड्या पडून राहिल्या, आणि वर फरदड ठेवून, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवून, अळीची उन्हाळ्यापर्यंत सोय झाली. त्या वर्षी देवाचं काही चुकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि अळीचं हे गणित मान्य करताना तुमचं गुरुचरित्राचं पारायणही थांबलं नाही. मग माणसाच्या बाबतीत का अडावं?

खरं तर हे भांडण जसंच्या तसं आपलं नाहीच. बायबलात सहा दिवसांत सृष्टी झाल्याचं लिहिलंय, ते अक्षरशः मानणाऱ्यांना डार्विन सोसला नाही. अमेरिकेत 1925 साली उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकाला कोर्टाने दोषी ठरवलं. त्याच धर्माच्या पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असं सांगितलं. आपल्याकडे ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर सृष्टी कुठून झाली हे विचारत विचारत शेवटी म्हणतं की वर बसून पाहणाऱ्यालाच ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. हजारो वर्षांपूर्वी एवढी मोकळीक घेतलेल्या लोकांनी दहावीच्या धड्याला घाबरावं, याचं मला हसू येतं.

दादा म्हणाला की दशावतारात हे सगळं आधीच आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. ही जुळणी जे. बी. एस. हाल्डेन यांनाही आवडली होती. मोठे जीवशास्त्रज्ञ, 1957 मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. तरी मी वर्गात ती सांगत नाही. अवतार धर्मासाठी येतो, त्याला हेतू असतो. उत्क्रांतीला पुढचं काही दिसत नाही, कुठे पोचायचंही नसतं. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या शिडीवर माणूस सगळ्यांत वर. इथे शिडीच नाही. ती गुलाबी अळी आणि आपण, दोघांची वंशावळ तितकीच जुनी.

आता खरा अडसर. डार्विनने 1879 मध्ये एका पत्रात लिहिलं की मनापासून देव मानणारा माणूस उत्क्रांतीही मानू शकतो, यात शंका घेणंच विचित्र आहे. पण त्याचा स्वतःचा विश्वास विरत गेला, आणि 1851 मध्ये दहा वर्षांची लेक ॲनी गेली तो घाव त्यात मोठा होता असं अनेक चरित्रकार मानतात. त्याला बोचत होतं ते दुःख. आपल्या सालदाराच्या धाकट्याचं दुखणं आठवा. थंडीत सांधे धरून रडतो तो. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक बारीक बदल. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी राखतो, दोघांकडूनही आला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हा आजार होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, म्हणून हा बदल टिकला; आफ्रिकेतही तसाच. अँथनी ॲलिसन या संशोधकांनी हा संबंध 1954 मध्ये दाखवला. अनेक लेकरांना ज्याने जगवलं त्यानेच ह्याला छळलं. ह्यात न्याय शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही, आणि दयाळू देव मानणाऱ्याला इथे खरोखर अडखळायला होतं. मला ह्याचं उत्तर येत नाही, आणि उत्तर आहे असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही.

पण आई, त्या पोराच्या मायसमोर तू म्हणालीस, "मागच्या जन्मीचं असेल काही." तू मायेने म्हणालीस, मला ठाऊक आहे. तिचं तोंड मात्र उतरलं होतं. उत्क्रांती मानली तर कानबाई सोडावी लागत नाही, सारंगखेड्याची यात्रा सोडावी लागत नाही. मीही तिथे हात जोडते, आणि जोडताना जनुकं आठवली म्हणून हात खाली येत नाहीत. सोडावं लागतं ते हे एक वाक्य. पोराने काही केलं नाही, त्याच्या आईबापांनी काही केलं नाही. आजार का झाला ते कळलेलं असताना त्यावर पाप चढवायचं, हे बाबांच्या दत्त महाराजांनाही आवडणार नाही असं मी धरून चालते. ह्यावर तुम्ही दोघं माझ्याशी भांडलात तरी चालेल.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, येते आहे. सालदारकीचं नवं साल ठरेल तेव्हा बाबा, सालदाराच्या कानावर घाला की त्याच्या थोरल्या मुलीचं रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घ्यायचं, आणि सोयरीक जमली तर मुलाचंही. दोघांतही हा बदल असेल तर दर बाळंतपणात चारांत एक शक्यता ह्याच दुखण्याची. तपासणीची भीती वाटत असेल तर मी सोबत जाईन.

पोराला म्हणावं, धडा नीट वाच. मी आल्यावर तोंडी घेणार आहे, आजोबांसमोर.

तुमची,
ताई